स्पाइक लीवर प्रबंध: वंश, वर्ग आणि सर्जनप्रक्रिया, तिन्ही प्रकरणं एकमेकांशी बोलतच नाहीत

मुक्ता_बडोदेकर

नमस्कार मंडळी,

बडोद्यात एम.ए. करतेय, शेवटचं सत्र. प्रबंधाला अमेरिकी दिग्दर्शक स्पाइक ली घेतलाय. मार्गदर्शक बाईंनी विषय असा बांधून दिला: त्याच्या चित्रपटांतला वंश, वर्ग आणि सर्जनप्रक्रिया. मुख्य भर 'डू द राइट थिंग'वर (१९८९), बाकीचे संदर्भापुरते.

साहजिकच मी तीन प्रकरणं पाडली. पहिलं वंशाचं. १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉवर्ड बीच भागात गोऱ्या पोरांचं टोळकं पाठीमागे लागलं आणि मायकेल ग्रिफिथ गाडीखाली येऊन मेला. त्याआधी १९८३ मध्ये भिंतींवर चित्रं काढणारा मायकेल स्ट्युअर्ट पोलिसांनी धरल्यावर गेला. चित्रपट अशा सहा जणांच्या कुटुंबीयांना अर्पण केलेला आहे, आणि त्यातल्या रेडिओ रहीम या कृष्णवर्णीय पोराचा गळा पोलीस आवळतात तो प्रसंग कुठून आला हे वेगळं सांगायला नको. दुसरं प्रकरण वर्गाचं: पिझ्झाचं दुकान साल नावाच्या इटालियन अमेरिकन माणसाचं, घरोघरी पिझ्झा पोचवतो कृष्णवर्णीय मूकी, समोरचं किराणा दुकान कोरियन जोडप्याचं. तिसऱ्यात पटकथा, रंग, तिरपा कॅमेरा, संगीत.

आता सलग वाचलं तर तीन वेगळ्या मुलींनी लिहिल्यासारखं वाटतंय. पहिलं प्रकरण वर्तमानपत्राच्या कात्रणांसारखं, दुसरं समाजशास्त्राच्या पेपरसारखं, तिसऱ्यात मी नुसतीच "किती सुंदर फ्रेम" म्हणत सुटलेय. बाई म्हणतात, "धागा शोध." कुठे शोधू ते सांगत नाहीत.

शिवाय घरी आजोबांचं रोजचं टुमणं: आपल्याकडे नागराज मंजुळे असताना हा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनचा कशाला? त्यांना उत्तर द्यायचं आहेच, पण आधी धागा. कुणी असं काम केलं असेल तर सांगा.

सुहास_इंदूर

सोपा उपाय: तिसरं प्रकरण पहिलं कर. आधी चित्रपट कसा घडला ते सांग, म्हणजे वंश आणि वर्ग आपसूक त्यात येतील. लीनं या चित्रपटाच्या वेळी डायरी लिहिली होती, १९८७ च्या नाताळपासून. ती पटकथेसकट पुस्तकात छापली आहे. पीडीएफच्या मागे न लागता ग्रंथालयातून मागव, पटकथा आणि पडद्यावरचा चित्रपट यांत काय बदललं ते शेजारी शेजारी ठेवता येतं.

मंजुळेबद्दल आजोबांशी सहमत. पण आता शेवटच्या सत्रात विषय बदलू नकोस बाई.

रंगारी_काका

मुक्ता, तुला 'तू' म्हणतोय, चालेल ना? तुझ्या वयाची भाची आहे मला.

मी समीक्षक नाही. बडोद्यातच फाइन आर्ट्सला शिकलो, आणि जन्म गेला नाटकांचे, कधीमधी सिनेमांचे सेट रंगवण्यात. त्यामुळे पिक्चर लागला की माझी नजर नटाच्या आधी मागच्या भिंतीवर जाते. तुझा धागा मला तिथंच दिसतो, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

त्या पिक्चरमध्ये नाक्यावर तिघं जण दिवसभर खुर्च्या टाकून बसलेले असतात, आठवतात? त्यांच्या मागची भिंत लालभडक. ती काही आधीपासून तशी नव्हती. कलादिग्दर्शक वीन थॉमसनं ती लाल करून घेतली. छायालेखक अर्नेस्ट डिकरसन, वेशभूषेला रूथ कार्टर, आणि तो. तिघांनी मिळून निळा-हिरवा असे थंड रंग शक्य तितके बाजूला ठेवले आणि लाल, पिवळा, विटकरी पुढे आणले, बघणाऱ्याला घाम फुटावा म्हणून. पिक्चर वर्षातल्या सगळ्यात उकाड्याच्या दिवसाचा, पण शूटिंग आठवडेच्या आठवडे चाललं. त्यात ढग येतात, पाऊस येतो. ऊन पडो न पडो, भिंतीनं उष्णता टिकवायची. हे तुझ्या तिसऱ्या प्रकरणात असेलच.

आता पुढे चल. शूटिंग झालं ते ब्रुकलिनच्या बेडफर्ड-स्टायव्हसंट (बेड-स्टाय) वस्तीत, स्टायव्हसंट अव्हेन्यूच्या एकाच तुकड्यावर, १९८८ च्या उन्हाळ्यात. सालचं पिझ्झाचं दुकान आणि कोरियन किराणा, दोन्ही उभारलेली. कशावर? मोकळ्या प्लॉटवर. मी कुठल्याही लोकेशनला गेलो की पहिला प्रश्न हाच विचारतो: ही जागा मोकळी का? भर न्यूयॉर्कमध्ये, जिथे इंच इंच विकलं जातं, तिथे नाक्यावर दुकान बांधण्याइतकी जागा पडून कशी?

उत्तर तुझ्या पहिल्या आणि दुसऱ्या प्रकरणात आहे. १९३० च्या दशकात अमेरिकी सरकारच्या एका संस्थेनं शहरांचे नकाशे काढले, कुठे घरकर्ज देणं धोक्याचं ते दाखवायला. कृष्णवर्णीय वस्त्या त्यात सर्रास लाल रंगवल्या गेल्या. बेड-स्टाय त्यातलंच. कर्ज नाही म्हणजे डागडुजी नाही, विक्री नाही. पुढची काही दशकं घरं ओस पडत गेली, जळाली, पाडली गेली. मोकळा प्लॉट असा तयार होतो. त्या प्लॉटवर थॉमसचे सुतार येऊन दुकान उभं करतात, आणि पिक्चरच्या शेवटी तेच दुकान पेटवलं जातं. वंश, वर्ग आणि सर्जनप्रक्रिया, तिन्ही एका सात-बाऱ्यावर आली की नाही? (लाल नकाशा आणि लाल भिंत यांचा संबंध थॉमसच्या मनात होता असं मी म्हणत नाही. तूही म्हणू नकोस, परीक्षक टोचतील. पण प्लॉटचा संबंध पक्का आहे.)

म्हणून माझं म्हणणं एवढंच: वंश आणि वर्ग संवादांत शोधत बसू नकोस. संवाद सगळ्यांनाच ऐकू येतात. पैसा कुठून आला, कामावर कोण होतं, जागा कुणाची, आणि हे सगळं फ्रेममध्ये कसं उतरलं, तिथे बघ.

माणसांचंच घे. लीनं हट्टानं सेटवर कृष्णवर्णीय तंत्रज्ञ घेतले. त्या काळी युनियनमध्ये त्यांना शिरकाव मिळणंच अवघड, त्यासाठी त्याला भांडावं लागलं. त्या गल्लीत कोकेनचे अड्डे होते. ते बंद करून सेटवर पहारा द्यायला त्यानं 'नेशन ऑफ इस्लाम' या कृष्णवर्णीय मुसलमानांच्या संघटनेची माणसं आणली, पोलिसांवर भिस्त ठेवली नाही. आणि पिक्चर कशाबद्दल? पोलिसांनी मारलेल्या पोराबद्दल. सेंट क्लेअर बोर्न या दिग्दर्शकानं शूटिंग चालू असतानाच त्यावर माहितीपट केला. तो सोडू नकोस. साल वंशवादी आहे की नाही यावर ली आणि सालचं काम करणारा डॅनी आयेलो यांचं एकमत नव्हतं हे त्यात कळतं. ली म्हणे आहे, आयेलो म्हणे नाही. आणि ते मतभेद मिटवल्याशिवायच दोघांनी पिक्चर पुरा केला. सालकडे बघताना आपला पाय घसरत राहतो तो यामुळेच. लिहिणारा एक आणि वठवणारा दुसरा, दोघं एकाच माणसाला दोन बाजूंनी ओढताहेत.

आता एक दृश्य जवळून. आग लागून गेली, सकाळ झाली. साल राखेत बसलाय, मूकी येतो. कशाला? पगार मागायला. आठवड्याचे अडीचशे डॉलर. साल संतापून शंभराच्या नोटा चुरगळून त्याच्या अंगावर मारतो, एकामागून एक, पाच. मूकी त्यातल्या दोन परत फेकतो आणि सांगतो, पगार अडीचशे, म्हणजे पन्नास मी तुझे लागतो. बघ, एक पोरगा मेलाय, दुकान जळालंय, आणि दोघं हिशोब चुकता करताहेत! पाचशे घेतले तर भीक, अडीचशे घेतले तर मजुरी. हा फरक ज्याला पगारावर जगावं लागतं त्यालाच कळतो. दुकानातली एकेक टाइल आपण हातानं लावली असं साल म्हणतो तेही खरंच आहे त्याच्या परीनं. फक्त पडद्याबाहेर ती टाइल लीच्या कारागिरांनी लावलेली.

आणि मूकीचं काम केलंय कुणी? खुद्द लीनं. सेटवर सगळ्यांना पगार देणारा माणूस पडद्यावर पगार मागतोय. त्याच्या कंपनीचं नाव '४० एकर्स अँड अ म्यूल', म्हणजे चाळीस एकर आणि एक खेचर: यादवी युद्धाच्या अखेरीस मुक्त गुलामांना चाळीस एकर जमीन देऊ म्हणून जो शब्द दिला आणि फिरवला, तो. कंपनीच्या पाटीवरच थकबाकी लिहून ठेवलीय पठ्ठ्यानं.

मुक्ता_बडोदेकर

काका, 'तू' म्हटलंत तर बरंच वाटलं. नोटांचं दृश्य मी "मूकीचा स्वार्थ" म्हणून दोन ओळींत गुंडाळलं होतं, ते आता पुन्हा लिहिते.

भिंतीवरून मला मंजुळेंचा 'फँड्री' (२०१३) आठवला. सालच्या दुकानात फोटोंची भिंत आहे, सगळे इटालियन अमेरिकन. वस्तीतला बगिंग आउट नावाचा कृष्णवर्णीय पोरगा म्हणतो, गिऱ्हाईक आम्ही, मग आमचा एक तरी फोटो लाव. साल म्हणतो, दुकान माझं, फोटो माझे. तुझं दुकान काढ आणि हवं ते लाव. सगळं रामायण तिथून सुरू होतं. 'फँड्री'त उलटं आहे. नायक जब्याचं दलित कुटुंब मारलेलं डुक्कर काठीला टांगून शाळेच्या भिंतीवरून नेतं. त्या भिंतीवर फुले आहेत, आंबेडकर आहेत, गाडगेबाबा आहेत. फोटो लागलेत, पण खांद्यावरचं डुक्कर काही उतरलेलं नाही. ब्रुकलिनमध्ये भांडण भिंतीवर जागा मिळण्याचं, आपल्याकडे जागा मिळूनही पुढे काय याचं.

आजोबांना हे वाचून दाखवलं. "मग मंजुळेवरच लिही" म्हणाले. चित भी मेरी, पट भी मेरी!

पण हे प्रबंधात घ्यावं का? तुलना म्हटली की परीक्षक अंगावर येतात.

ग्वाल्हेरचा_वकील

येणारच अंगावर, आणि बरोबर येतील. वंश आणि जात एका तागडीत घालायची फॅशन झाली आहे. माझे दोन आक्षेप.

पहिला. कातडीचा रंग चेहऱ्यावर असतो. जात आडनावात असते, गावात असते, "कुठले तुम्ही?" या प्रश्नात असते. तू बडोद्याची, तुला लांब जायला नको. आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. परत येऊन १९१७ मध्ये बडोद्यात नोकरीला हजर झाले तर राहायला खोली मिळेना. शेवटी पारशी नाव सांगून पारशांच्या धर्मशाळेत राहिले, आणि कळल्यावर काठ्या घेऊन आलेल्या माणसांनी बाहेर काढलं. कमाटी बागेत आता संकल्पभूमी आहे ती त्याच आठवणीची. नाव बदलून काही दिवस निभावता आलं, हा मुद्दा. रेडिओ रहीमला असं नाव बदलून निभावता आलं असतं का? ज्या गोष्टीची यंत्रणाच वेगळी तिची तुलना कशी करणार?

दुसरा. हा ली काही झोपडपट्टीतून आलेला नाही. आई शिक्षिका, वडील जाझ वादक, घराण्यातली तिसरी पिढी मोअरहाउस या कृष्णवर्णीयांच्या नावाजलेल्या कॉलेजात शिकलेली. वर नाइकेच्या बुटांच्या जाहिराती केल्या. कृष्णवर्णीय नेता माल्कम एक्सवरच्या 'माल्कम एक्स' चित्रपटाच्या वेळी कृष्णवर्णीय कवी अमिरी बराकानं जाहीरपणे आक्षेप घेतला होता की हा मध्यमवर्गीय माणूस माल्कमची गोष्ट बिघडवणार. वर्गावर प्रकरण लिहिताय आणि दिग्दर्शकाचाच वर्ग सोडून देताय, हे कसं चालेल?

रंगारी_काका

वकीलसाहेब, दुसरा आक्षेप शंभर टक्के मान्य. उलट मी तर म्हणतो मुक्तानं तिथूनच सुरुवात करावी. फक्त "मध्यमवर्गीय" म्हणून शिक्का मारून थांबू नये, पैशाची पायवाट धरावी. वडील बिल ली नावाजलेले बासवादक, पण सगळीकडे इलेक्ट्रिक बासची चलती आली तेव्हा ते वाजवायला तयार नव्हते. कामं आटली, घर आईच्या नोकरीवर चाललं. कॉलेजची आणि फिल्मस्कूलची फी आजीनं भरली, पेन्शनमधून साठवलेल्या पैशातून. पहिला चित्रपट 'शीज गॉटा हॅव इट' १९८५ च्या उन्हाळ्यात बारा दिवसांत उरकला, बहुतेक सगळा ब्लॅक अँड व्हाइट, खर्च सुमारे १ लाख ७५ हजार डॉलर, त्यातही आजीचे पैसे. संगीत वडिलांचं, एका भूमिकेत बहीण, एका भूमिकेत स्वतः. हे सगळं "कलात्मक निवड" म्हणून शिकवतात. अहो, परवडत नव्हतं! परवडत नसताना जे सुचलं ती त्याची शैली झाली, असं लिही.

म्हणजे वर्ग कोणता? शिक्षण आहे, पुस्तकं आहेत, वाद्यं आहेत, बँकेत काही नाही. बडोद्यात अशी मराठी घरं मी पेठेपेठेत पाहिली आहेत. दिवाणखान्यात तंबोरा आणि वाण्याकडे उधारी. या माणसाला सालही कळतो आणि मूकीही कळतो, पण नाक्यावरच्या तिघांना तो जरा लांबूनच बघतो. ते तिघं कोरियन दुकानदाराला नावं ठेवतात, म्हणतात काल आले आणि दुकान टाकलं, आणि आपण का नाही यावर हातावर हात धरून बसतात. लीला त्यांच्याबद्दल माया आहे, पण थोडी कीवही आहे. बराकाला हेच खुपलं असावं असा माझा अंदाज.

पहिला आक्षेप मात्र अर्धाच मान्य. यंत्रणा वेगळी, कबूल. पण मुक्तानं तुलना जात आणि वंशाची केलेली नाही. दोन दिग्दर्शकांनी दोन भिंती कशा वापरल्या त्याची केलीय. ती तुलना टिकते. आणि अशी नजर टाकणारी ती पहिली नव्हे. खुद्द आंबेडकरांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाची प्रत मागायला. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली तिनं नाव कुठून घेतलं ते शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. एकसारखे आहोत म्हणून कुणी पत्र लिहीत नाही. तुम्ही तुमचं भांडण कसं मांडलंत ते दाखवा, एवढंच त्यात असतं. मुक्ता, तुलना प्रकरण म्हणून घेऊ नकोस, दोन भिंतींपुरती चार पानं घे. वकीलसाहेबांचं आडनावाचं म्हणणंही त्याच चार पानांत घाल, नाव न घेता का होईना.

शेवटचं एक, मग मला एका नाटकाच्या सेटचे फ्लॅट रंगवायला जायचंय. तुझ्या तिसऱ्या प्रकरणात 'बॅम्बूझल्ड' (२०००) नसेल तर घाल. गोष्ट अशी: एक कृष्णवर्णीय टीव्ही लेखक चिडून मुद्दाम जुन्या पद्धतीचा, तोंडाला काजळी फासून कृष्णवर्णीयांची टर उडवणारा कार्यक्रम लिहितो, आणि तो सुपरहिट होतो. आता छायाचित्रण बघ. सगळा चित्रपट घरगुती वापराच्या मिनी-डीव्ही कॅमेऱ्यांवर, एका वेळी बरेच कॅमेरे लावून घेतलेला. चित्र फुटतं, रंग मळकट. फक्त तो अपमानाचा कार्यक्रम सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर. तो झगमगतो, देखणा दिसतो. बजेट कमी म्हणून स्वस्त कॅमेरे घेतले हे खरंच, पण चांगली फिल्म कशासाठी राखून ठेवायची हे कुणीतरी ठरवलं. माणसांचं खरं जगणं स्वस्तात, त्यांची विटंबना महागात. पडद्यावर काजळीचं तोंड सुंदर दिसतं आणि आपल्याला ते बघायला आवडतं, तिथे आपणच सापडतो.

हा चित्रपट लॅपटॉपवर बघू नकोस, दोन प्रकारच्या चित्रणांतला फरक त्यावर नीट कळत नाही. विभागात प्रोजेक्टर असेल तर मोठ्या भिंतीवर लाव, आणि कार्यक्रमाचं पहिलं दृश्य सुरू होतं तिथे थांबवून आधीची फ्रेम आणि नंतरची फ्रेम शेजारी ठेवून छापून घे. प्रबंधात ती दोन चित्रं लावलीस तर बाईंना धागा वेगळा दाखवावा लागणार नाही.

सुहास_इंदूर

काका, सोळा मिलिमीटरचं माहीत नव्हतं. मुक्ता, छायालेखिका एलन कुरास आहे त्या चित्रपटाची, नाव टाकायला विसरू नकोस. आणि लीच्या बऱ्याच चित्रपटांत माणूस चालत नाही, तरंगत पुढे सरकतो ना, नटाला आणि कॅमेऱ्याला दोघांनाही ट्रॉलीवर उभं करून, त्यावर कुणी वर्गाच्या अंगानं लिहिलेलं मला तरी वाचायला आवडेल. 'माल्कम एक्स'मध्ये माल्कम मरायला निघालेला असताना हा प्रकार वापरलाय.